लष्करी ट्रकचा गिअर आणि वालचंदशेठचा हट्ट

कडा (जि. बीड) : प्रतिनिधी

नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडा हे बाजारपेठेचे गाव. आगीनगाडीची वाट पाहण्यात या भागाच्या पिढ्या गेल्या. नगर-आष्टी लोहमार्गावर प्रवासी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. तोपर्यंत ज्वारी, ऊस, कांदा आणि माणसे या साऱ्यांचा भार वाहिला तो मालमोटारींनी आणि एसटीने. ज्या नगर शहराशी (आताचे अहिल्यानगर) कड्याचा रोजचा व्यवहार आहे, ते शहर चिलखती दलाचे ठाणे म्हणून देशभर ओळखले जाते. रणगाड्यांचे संग्रहालय तेथे आहे आणि लष्करी वाहनांची चाचणी घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संशोधन संस्थाही तेथेच आहे. असे असूनही, भारतीय सैन्याची मालमोटार भारतातच बनावी यासाठी पहिल्यांदा सरकारचे उंबरठे झिजविणारा उद्योगपती कोण, असा प्रश्न या परिसरात विचारला तर उत्तर क्वचितच मिळते. तो माणूस होता शेजारच्या सोलापूरचा. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, गुजराती भाषक, दिगंबर जैन. परंतु सोलापूरच्या कापूस बाजारात आणि सावकारी पेढीवर स्थिरावलेले. आईचे छत्र फार लवकर हरपले. शिक्षणासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या वालचंदांनी पदवी घेतली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचा जीव रमेना. अशा वेळी त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांच्या घरी भांडवल होते. या जोडीने पहिले काम घेतले ते बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा तुकड्याचे. अडीच फुटी रुळांवरून धावणारी ही चिमुकली गाडी पुढे कुर्डूवाडी, बार्शी आणि लातूरला जोडणारी झाली. मराठवाड्याच्या वेशीवरच या उद्योगपतीने कंत्राटदारीची धुळाक्षरे गिरवली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

त्यानंतरचा आलेख झपाट्याने चढत गेला. मुंबईला तानसा तलावाचे पाणी आणणाऱ्या नळांचे काम आणि भोर घाटातील बोगद्यांचे काम ही त्यातील मोठी नावे. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही कंपनी १९२६ सालची. भोर घाटात लोहमार्गाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका आहे. एवढ्या चढावर गाडी ओढण्यासाठी मागून आणखी इंजिन लावावे लागते. वजन, चढ आणि वेग या तिघांचे भांडण कसे मिटवायचे, हा प्रश्न अशा प्रकारे वालचंदांच्या धंद्यात पहिल्यापासूनच होता. मालमोटारीच्या बाबतीत तोच प्रश्न गिअर सोडवितो.

जहाजापासून मोटारीपर्यंत

वालचंदांचे नाव देशभर झाले ते जहाजांमुळे. १९१९ साली नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आजही ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून या नव्या कंपनीची कोंडी केली. १९२३ मध्ये जो समझोता झाला, त्यात सिंधियाच्या जहाजांच्या एकूण टनभारावर मर्यादा घातली गेली. या अनुभवाने वालचंदांना एक धडा दिला. धंद्यात हिंदी माणसाला स्पर्धकाशी लढावे लागतेच, पण त्याआधी सरकारी दफ्तराशी लढावे लागते.

मोटार कारखान्याची कल्पना मात्र त्यांच्या एकट्याची नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून हिंदुस्थानात मोटार निर्मितीची योजना मांडली होती. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर असताना या योजनेला सरकारचा पाठिंबा मिळू लागला. वालचंदांनी ती योजना उचलून धरली. १९३९ साली ते अमेरिकेस गेले. नेमके त्याच सुमारास युरोपात युद्ध पेटले आणि नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रांतिक सरकारचा आधार एका फटक्यात गेला.

अमेरिकेत फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन बलाढ्य कंपन्यांशी बोलणी झाली. ती जमली नाहीत. फोर्डच्या व्यवस्थेत हिंदुस्थानचा व्यापार कॅनडातील फोर्ड कंपनीच्या वाट्याचा होता, त्यामुळे डेट्रॉइटचा दरवाजा ठोठावणाऱ्याला कॅनडाकडे बोट दाखविले जाई. कारखान्याची मालकी हिंदी हातांत राहावी, ही वालचंदांची अट होती. शेवटी तिसरी कंपनी क्रायसलर हिने तांत्रिक साहाय्य देण्याचे मान्य केले.

याच अमेरिका प्रवासाहून परतताना विमानात त्यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी झाली. एका माणसाने मोटारीसाठी प्रवासाला निघावे आणि विमानाचा कारखाना घेऊन परत यावे, असे क्वचितच घडते. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. सध्याच्या ‘एचएएल’चा तोच उगम. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. विमान झाले, जहाज झाले. मोटार मात्र अडकून पडली.

सात फेऱ्यांचे गणित

ती का अडकली, हे समजण्यासाठी त्या काळातील लष्करी ट्रककडे थोडे बारकाईने पाहावे लागते. युद्धकाळात कॅनडातील फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या कारखान्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठी चपट्या नाकाचे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे ट्रक एका ठरावीक नमुन्यावर बनविले. कॅनडाने त्या युद्धात सर्व प्रकारची मिळून आठ लाखांवर लष्करी वाहने तयार केली. यातील हजारो वाहने पेट्यांत भरून हिंदुस्थानात आली आणि मुंबईसारख्या बंदरांतील परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांत जोडली गेली. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीस १९२८ पासून होताच. ब्रह्मदेशाच्या आघाडीपर्यंत हेच ट्रक धावले.

शेव्हरोले बनावटीच्या तीन टनी ट्रकचे इंजिन होते अवघे ८५ अश्वशक्तीचे. आजची मध्यम आकाराची मोटारही याहून ताकदवान असते. एवढ्या इंजिनाने तीन टन माल, स्वतःचे वजन आणि जमल्यास मागे जोडलेली तोफ ओढायची, तीही रस्ता नसलेल्या जागी. हे साधायचे तर इंजिनाचे फेरे वाढवून चाकाचे फेरे कमी करावे लागतात. या ट्रकच्या आसातील दातेरी चक्रे अशी बसविलेली असत, की इंजिनाचे सुमारे सात फेरे झाले म्हणजे सर्वांत वरच्या, चौथ्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा पूर्ण होई. साध्या मोटारीत हे प्रमाण चारच्या आसपास असते.

आता वेगाचा हिशेब करू. त्या ट्रकचे मोठे चाक एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर पुढे जाते असे धरा. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर चाकाचे फेरे होतात २८६ आणि गाडी मिनिटाला ९१४ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर जाते. हाच ट्रकचा आरामाचा वेग. हीच चक्रे चारास एक या प्रमाणात बसविली असती, तर त्याच फेऱ्यांत ताशी ९६ किलोमीटरचा वेग कागदावर निघाला असता. परंतु भरलेला ट्रक पहिल्याच चढाला धापा टाकत थांबला असता. पहिल्या गिअरमध्ये तर इंजिनाच्या ५० च्या आसपास फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडे. म्हणजे त्याच २००० फेऱ्यांत गाडी ताशी आठ किलोमीटरही जात नसे, माणसाच्या झपझप चालीहून थोडी अधिक. पण चिखलातून आणि खडकातून ती बाहेर निघे.

इंजिन जास्त पळवून वेग वाढविता येत नसे काय? येई, पण तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर चालविलेले इंजिन लवकर झिजते, पेट्रोल पिते आणि कानठळ्या बसवते. शिवाय लष्करी तांडा सर्वांत मंद गाडीच्या चालीने चालतो. त्यामुळे ट्रक किती पळू शकतो याहून तो दिवसभर न थकता किती चालतो, याला महत्त्व होते. गिअर बदलणे हेही कसबाचे काम असे. आजच्यासारखी दाते आपोआप जुळवून घेणारी रचना त्या गिअरबॉक्समध्ये नव्हती. दोनदा क्लच दाबून, मधे इंजिनाचा आवाज ओळखून दांडा टाकावा लागे. चुकले की खर्रर्र असा आवाज होऊन दात्यांचे तुकडे पडत. युद्धानंतर ‘डिस्पोजल’मध्ये लिलावात निघालेल्या अशा गाड्या ज्यांनी चालविल्या, त्या चालकांच्या पिढीला दुहेरी क्लच हा श्वासासारखा सवयीचा होता.

या तपशिलाचा वालचंदांशी संबंध काय? पत्रा वाकवून टप बांधणे, आसने बसविणे, रंग देणे हे काम हिंदुस्थानातील कारखाने तेव्हाही करीत. युद्धकाळात तर परदेशी चेसिसवर चिलखती गाड्यांचे सांगाडे येथील पोलादातून आणि रेल्वेच्या कारखान्यांतून उभे राहिले. पण गिअरचे दाते कापणे, ते योग्य ताव देऊन कठीण करणे, हजारो चक्रे एकसारख्या मापाची काढणे ही खरी मोटार निर्मिती. त्यासाठी लागणारी यंत्रे परदेशातून आणावी लागत आणि त्यासाठी सरकारचा परवाना व डॉलर हवे असत. वालचंदांचे मागणे मुळात एवढेच होते, की यंत्रे आणू द्या आणि सैन्याला लागणाऱ्या मालमोटारींपैकी काहींची मागणी आमच्याकडे नोंदवा.

नकाराची भिंत

दिल्लीने ते मान्य केले नाही. कारखाना उभा राहून गाड्या निघेपर्यंत वेळ लागेल, यंत्रसामग्री युद्धाच्या अधिक निकडीच्या कामासाठी हवी, डॉलरची टंचाई आहे आणि मोटार कारखाना हा युद्धप्रयत्नांचा अत्यावश्यक भाग मानता येत नाही, असा सरकारचा पवित्रा राहिला. या कारणांत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. १९४० साली पाया घातलेल्या कारखान्यातून १९४१ मध्ये गिअरबॉक्स निघाला नसता. परंतु युद्ध १९४५ पर्यंत चालले. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या गोऱ्या वसाहतींत युद्धाच्या निमित्ताने कारखानदारी फोफावली आणि हिंदुस्थानला मात्र पेट्या उघडून जोडणी करण्याचे काम मिळाले. ज्या कॅनडाकडे फोर्डने बोट दाखविले होते, त्याच कॅनडाचे ट्रक मुंबईच्या धक्क्यावर उतरत राहिले. ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

वालचंदांच्या बाजूचे दोषही नोंदविले पाहिजेत. त्यांनी एकाच वेळी फार आघाड्या उघडल्या. जहाज, विमान, मोटार, साखर, बांधकाम या सर्वांना पुरेल एवढे भांडवल त्यांच्या हाती नव्हते. सरकारशी भांडायचे आणि त्याच सरकारकडून खात्रीच्या मागणीची अपेक्षा धरायची, हा विरोधाभास त्यांच्या टीकाकारांनी तेव्हाच दाखविला होता. नफ्याची त्यांची दृष्टी कधी झाकलेली नव्हती. पण त्या काळात परदेशी मालाची एजन्सी घेऊन गब्बर होण्याचा सोपा मार्ग उपलब्ध होता आणि वालचंदांनी तो धरला नाही, हेही तितकेच खरे.

बंगळूरचा विमान कारखाना एप्रिल १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले होते. त्याच महिन्यात विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि जहाजबांधणीचे काम खोळंबले. साठी ओलांडलेल्या वालचंदांनी अशाही परिस्थितीत १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखान्यासाठी जागा निवडली मुंबईजवळ कुर्ला येथे. दरम्यान १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनीही उभी राहिली होती.

कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी. क्रायसलरच्या करारानुसार डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी आणि डॉज व फार्गो या मालमोटारी येथे जोडल्या जाऊ लागल्या. आरंभी ही जुळणीच होती. गिअर, आस, इंजिन सारे अमेरिकेतून येई. सुटे भाग येथे बनविण्याची वाट लांबची होती.

त्या वेळी रस्त्यावर काय होते, याचा दाखला आपल्याच भागात मिळतो. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून नगरला आली. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्डसन, अल्बियन, लेलँड, स्टुडबेकर अशी नावे होती. एकही नाव देशी नव्हते. पलीकडे निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा बीड जिल्हा मोडत होता, तेथील रस्ते वाहतूक १९३२ पासून चालू होती आणि तेथेही अल्बियन बसगाड्याच धावत. त्याच वर्षी १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला. मुख्य तुकडी निघाली ती वालचंदांच्या सोलापुरातून. सोलापूर-हैदराबाद हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर. ताशी ५५ च्या चालीने सहा तासांचेही नाही, पण लढत, पूल राखत सैन्य १८ तारखेला हैदराबादेत पोहोचले. मराठवाडा मुक्त करणाऱ्या त्या सैनिकांना वाहून नेणारे ट्रकही परदेशी बनावटीचेच होते.

विशाखापट्टणमच्या कारखान्यातून ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले. वालचंदांच्या आयुष्यातील तो कदाचित सर्वांत समाधानाचा दिवस असावा. पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरच्या काळात त्यांची सेवा केली. १९५१ मध्ये प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला. जहाजबांधणी कारखाना १९५२ मध्ये सरकारी कंपनीकडे गेला. गुजरातमधील सिद्धपूर येथे ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले.

केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे जागा नाही, सुटे भाग देशातच बनविले पाहिजेत, हे धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारने त्याच वर्षी पक्के केले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. वालचंद ज्या धोरणासाठी १५ वर्षे भांडले, ते आले तेव्हा ते पाहायला ते नव्हते. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून मालमोटारी बनविण्यास सुरुवात केली. सैन्याच्या ट्रकसाठी मात्र सरकारने वेगळी वाट धरली. १९५८ मध्ये जर्मनीच्या ‘मान’ कंपनीशी करार झाला आणि जबलपूरच्या शस्त्रास्त्र कारखान्यात ‘शक्तिमान’ हा डिझेल ट्रक तयार होऊ लागला. जबलपूरचा स्वतंत्र वाहन कारखाना १९६९ मधला. शक्तिमानचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. नगरच्या लष्करी भागात आणि आष्टीकडच्या रस्त्यावर ज्यांनी हिरव्या गाड्यांचे तांडे संथ, एका चालीने जाताना पाहिले, त्यांना हा ट्रक आठवत असेल.

कुर्ल्याच्या कारखान्याचे नाव पुढे मालमोटारीपेक्षा ‘प्रीमियर पद्मिनी’मुळे घरोघरी पोहोचले. मुंबईच्या रस्त्यावरून या बनावटीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेऊन गेली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. सांगली येथील १९४७ सालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी मराठवाड्यातील मुलेही या महाविद्यालयाची वाट धरतात.